पाठ दुखते, लघवी तपासा

गुढीपाडव्याच्या आगेमागे साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांवर माणसं परत येऊ लागतात. पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात ऊस तोडून आलेल्या या माणसांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास असते. पाठ धरलीय. त्याचं नवल कुणालाच वाटत नाही, डॉक्टरांनाही नाही. पहाटे तीन-चारला उठून फडात वाकायचं, कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. एवढं केल्यावर पाठ दुखणार नाही तर काय होणार? मग गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन, चार दिवसांच्या गोळ्या, जमलं तर कमरेला पट्टा. बहुतेकांना तेवढ्यावर उतारही पडतो.

ज्यांना पडत नाही, त्यांच्याकडे नीट बघायला हवं. त्यांच्यातल्या काहींचा मणका ओझ्याने झिजलेला नसतो, तर आतून पोखरला गेलेला असतो. अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचं एरवीचं काम जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं तयार करण्याचं. त्यातल्या एखाद्या पेशीचं बिनसतं, तिची बेसुमार पिलावळ माजते आणि ती सगळी मिळून एकाच साच्यातलं निरुपयोगी प्रथिन ओतत राहते. हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी होतं, किडनी थकते. या रक्ताच्या कर्करोगाचं नाव मल्टिपल मायलोमा. रोग दुर्मीळ आहे. भारतात वर्षाला लाखामागे साधारण एखादा नवा रुग्ण सापडतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती, म्हणजे या हिशेबाने जिल्ह्यात वर्षाकाठी पंचवीसेक माणसं. आकडा छोटा आहे, पण ही पंचवीस माणसं हजारो पाठदुखीवाल्यांच्या गर्दीत मिसळलेली असतात आणि त्यांना गर्दीतून बाजूला काढायचं साधन बऱ्याचदा लघवीच्या बाटलीत असतं.

ते साधन सापडलं त्याची हकिगत पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आणि लंडनमधली असली, तरी बीडच्या माणसाला ती परकी वाटू नये. थॉमस मॅकबीन नावाचा पंचेचाळिशीतला किराणा व्यापारी १८४४ साली एका भूमिगत गुहेतून उडी मारून वर येत असताना त्याच्या छातीत काहीतरी कडकन मोडल्यासारखं झालं. उडी मारताना दुखलं, म्हणजे दुखापत झाली, असा सरळ अर्थ लागला. त्याला पट्टे बांधले, रक्त काढलं, जळवा लावल्या, लोहाची औषधं दिली. मधूनमधून बरं वाटे आणि पुन्हा दुखणं उलटे. ऑक्टोबर १८४५ मध्ये डॉ. विल्यम मॅकिंटायर यांनी त्याची लघवी तापवून पाहिली. अंगावर सूज आली होती, म्हणून लघवीत प्रथिन आहे का एवढंच त्यांना बघायचं होतं. पण या प्रथिनाची तऱ्हाच वेगळी निघाली. अंड्याच्या पांढऱ्या भागातलं प्रथिन एकदा उष्णतेने गोठलं की गोठलंच. हे प्रथिन कोमट तापमानाला गढूळ होई, उकळी आली की विरघळे आणि थंड होताना पुन्हा साकळे.

मॅकिंटायर आणि त्यांचे सहकारी डॉ. थॉमस वॉटसन यांनी नमुना तरुण रसायनतज्ज्ञ डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवला. सोबतच्या चिठ्ठीत लघवीचं वर्णन होतं आणि शेवटी एवढाच प्रश्न, की हे आहे तरी काय? बेन्स जोन्स यांनी मोजदाद केली तेव्हा रुग्ण दिवसाला ६७ ग्रॅमच्या आसपास प्रथिन लघवीतून गमावत असल्याचं दिसलं. १८४६ उजाडलं आणि मॅकबीन गेला. शवविच्छेदनात त्याची हाडं इतकी मऊ झालेली होती की सुरीने सहज कापली जात होती. बेन्स जोन्स यांनी आपले निष्कर्ष १८४७-४८ मध्ये छापले, मॅकिंटायर यांचा लेख १८५० मध्ये आला आणि प्रथिनाला नाव बेन्स जोन्स यांचंच पडलं. लघवी तापवायची बुद्धी ज्याला झाली तो बिचारा तळटिपेत राहिला. असल्या अन्यायांना वैद्यकाच्या इतिहासात तोटा नाही.

हे प्रथिन नेमकं काय, हे कळायला पुढे शतकाहून जास्त काळ गेला. १९६२ मध्ये जेराल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी दाखवलं की ते प्रतिपिंडाचाच एक तुकडा आहे. प्रत्येक प्रतिपिंडात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. बिघडलेल्या पेशी हलक्या साखळ्या, म्हणजे लाइट चेन, गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतात आणि त्या सुट्ट्याच रक्तात फिरतात. प्रतिपिंडांच्या रचनेवरच्या कामासाठी एडेलमन यांना १९७२ चं नोबेल मिळालं, रॉडनी पोर्टर यांच्यासोबत.

मॅकबीनच्या हकिगतीत उडी होती, ऊसतोड कामगाराच्या हकिगतीत मोळी असते. दुखण्याला डोळ्यांसमोर कारण दिसलं की पुढचा शोध थांबतो. बीडमध्ये तर रोगाच्या दुसऱ्या लक्षणालाही असंच तयार कारण आहे. मायलोमाचा रुग्ण फिका पडतो, त्याचं हिमोग्लोबिन उतरतं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. निम्म्या बायकांमध्ये जे आढळतं, ते एखादीत आढळलं म्हणून कोण थबकणार? लोहाच्या गोळ्या हातावर पडतात. तीन महिने गोळ्या खाऊनही रक्त वाढलं नाही, तर बाईनेच गोळ्या नीट घेतल्या नसतील असं धरलं जातं.

तिसरी गफलत मात्र चाचणीच्या पोटातच आहे आणि ती बऱ्याच सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून शहरातल्या चकचकीत लॅबपर्यंत लघवीतलं प्रथिन बघायला रंग बदलणारी पट्टी वापरतात. ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला ओळखते. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने किडनी बिघडली की लघवीत अल्ब्युमिनच उतरतं, त्यामुळे तिथे पट्टी उत्तम काम करते. लाइट चेनसमोर ती जवळजवळ आंधळी आहे. लघवीतून ग्रॅमच्या ग्रॅम बेन्स जोन्स प्रथिन जात असताना रिपोर्टवर 'प्रोटीन निल' किंवा 'ट्रेस' छापून येऊ शकतं. डॉक्टर निश्चिंत होतात. रुग्ण तर होतोच. छापील कागदावर त्याचा फार विश्वास असतो.

या निश्चिंतीची किंमत किडनी मोजते. लाइट चेन आकाराने लहान असल्याने किडनीच्या गाळणीतून निसटतात. थोड्या असतील तोवर पुढच्या नलिका त्या शोषून घेतात. पूर आला की नलिकांना आवरत नाही, आणि तिथल्याच दुसऱ्या एका प्रथिनाशी चिकटून त्यांचे घट्ट बोळे तयार होतात, नलिका तुंबतात. शरीरात पाणी कमी असेल तर हे तुंबणं झपाट्याने होतं. आता फडातली परिस्थिती आठवा. उन्हात दिवसभर घाम गाळायचा, प्यायचं पाणी लांब आणि आडोसा नाही म्हणून बायका मुद्दामच कमी पाणी पितात. त्यावर पाठीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं, तीही आठवडेच्या आठवडे. ही औषधं किडनीकडे जाणारं रक्त घटवतात. धडधाकट किडनी हे काही काळ सोसते, पण लाइट चेननी जेरीस आणलेली किडनी सोसत नाही. म्हणजे ज्या दुखण्यासाठी औषध दिलं, त्या दुखण्यामागचा रोग त्याच औषधाने किडनीच्या मुळावर उठतो. पुष्कळ मायलोमा रुग्णांचं निदान किडनीचे डॉक्टर करतात, ते यामुळेच.

पट्टीची उणीव भरून काढायला फार मोठं यंत्र लागत नाही, ही यातली चांगली बातमी. सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे काही थेंब लघवीत टाकले की कुठलंही प्रथिन असो, अल्ब्युमिन असो की लाइट चेन, नमुना गढूळ होतो. पट्टी म्हणते प्रथिन नाही आणि आम्लाने मात्र परीक्षानळी दुधाळ झाली, तर पाणी कुठेतरी मुरतंय असं समजावं. काही औषधांमुळेही असा गढूळपणा येतो, त्यामुळे याला निदान म्हणायचं नाही, संशय म्हणायचं. जुन्या पिढीतले तंत्रज्ञ ही चाचणी रोज करत. स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळी धरून बेन्स जोन्सची उष्णतेची चाचणीही करत; ती आता मागे पडली आणि ते योग्यच झालं, कारण तिच्यातून पुष्कळ रुग्ण निसटतात. पण आम्लाची बाटलीही तिच्याबरोबर अडगळीत गेली, हे काही योग्य झालं नाही.

रक्तातही स्वस्त खुणा असतात. ईएसआर शंभराच्या पुढे गेलेला. काचपट्टीवर नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचलेल्या तांबड्या पेशी. एकूण प्रथिन भरपूर आणि अल्ब्युमिन मात्र बेताचं. क्रिएटिनिन आणि कॅल्शियम चढलेलं. यातलं काहीही महाग नाही.

संशय आला की पुढची पायरी इलेक्ट्रोफोरेसिसची. विजेच्या प्रवाहात प्रथिनं आपापल्या वेगाने धावतात. एकाच साच्यातली सगळी एका जागी पोचतात आणि तिथे टोकदार सुळका उमटतो. त्यानंतर इम्युनोफिक्सेशन करून ते प्रथिन कोणत्या जातीचं, हे पक्कं होतं. ही तपासणी रक्तावर करतात तशी लघवीवरही करावी लागते. मायलोमाच्या साधारण पंधरा-वीस टक्के रुग्णांत अख्खं प्रतिपिंड बनतच नाही, नुसत्या लाइट चेन बनतात. त्यांच्या रक्तातला सुळका इतका बारीक असू शकतो की नजरेतून सुटावा, आणि पुरावा सापडतो लघवीत. रक्तातल्या सुट्ट्या लाइट चेन थेट मोजण्याची चाचणी २००१ च्या सुमारास आली आणि तिने सुरुवातीच्या तपासात लघवीवरचा भार पुष्कळ हलका केला. पण तिला पैसे जास्त पडतात. शिवाय रोग पक्का झाल्यावर तो किती आहे आणि उपचाराने उतरतोय का, हे बघायला लघवी लागतेच.

आणि तिथे पाठ्यपुस्तक आणि बीडचं रान यांची गाठ पडते. पुस्तक सांगतं, चोवीस तासांची लघवी गोळा करा. म्हणजे सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतचा प्रत्येक थेंब मोठ्या कॅनमध्ये साठवायचा आणि कॅन गार जागी ठेवायचा. उसाच्या पाचटाची कोपी, फ्रिज नाही, संडास नाही, दिवस फडात जाणार. खाडा केला तर मुकादम उचलीतून पैसे कापणार. अशा बाईला हा कॅन हातात देऊन 'उद्या आणून द्या' म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. ती आणणार नाही, किंवा अर्धवट आणेल, आणि अर्धवट नमुन्यावरचा आकडा दिशाभूल करेल. हंगामात अशांकडून सकाळची एकच लघवी घ्यावी. असामान्य प्रथिन आहे की नाही, हे शोधायला ती पुरेशी ठरते. क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढलं तर प्रमाणाचाही अंदाज येतो. चोवीस तासांची गोळाबेरीज रुग्ण वॉर्डात दाखल झाल्यावर करता येते.

इथवर वाचून कुणाच्या डोक्यात 'सगळ्यांचीच तपासणी करून टाकू' अशी कल्पना आली असेल, तर तिला इथेच आवर घालायला हवा. बीडने एका भीतीचा बाजार एकदा पाहिला आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पोटात दुखतं, अंगावरून जातं म्हणून आलेल्या बायकांना 'ठेवली तर कॅन्सर होईल' हे वाक्य ऐकवलं गेलं होतं. त्या भूमीत 'लघवीत कॅन्सरचं प्रथिन' अशी पाटी लावून शिबिरं भरवायला उद्या कुणीही पुढे येईल.

त्यात वैद्यकीय अडचणही आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी जवळजवळ तीन टक्के लोकांच्या रक्तात असं असामान्य प्रथिन थोड्या प्रमाणात असतंच. त्याला एमजीयूएस म्हणतात. त्यातून दरवर्षी शंभरातला साधारण एक जण मायलोमा किंवा तत्सम रोगाकडे जातो. बाकीचे त्यासह म्हातारे होतात आणि इतर कारणांनी जातात. आइसलंडने २०१६ पासून चाळिशीपुढच्या ऐंशी हजारांहून अधिक नागरिकांची नोंद करून अशी सरसकट तपासणी करून पाहिली आहे. पण तो देश श्रीमंत, लोकसंख्या चार लाखांच्याही आत आणि तपासणीत सापडलेल्यांच्या मागे राहायची व्यवस्था पक्की. बीडमध्ये ज्याला काही होत नाही त्याच्या हातात घाबरवणारा कागद पडेल, आणि त्या कागदावर पुढचा धंदा उभा राहील.

त्यामुळे मागणी अरुंद असावी, पण तिच्यावर ठाम राहावं. वय चाळिशीच्या पुढे आहे, पाठ किंवा बरगड्या सहा आठवड्यांहून जास्त दुखताहेत, रात्री पडल्यावरही दुखणं थांबत नाही आणि जोडीला रक्त कमी आहे किंवा क्रिएटिनिन वाढलेलं आहे, अशा माणसाला पुढचं वेदनाशामक लिहिण्याआधी त्याची लघवी आणि रक्त या प्रथिनासाठी तपासलं जावं. चाळिशी म्हणायचं कारण, भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो.

ऊसतोड कामगारांची हंगामाआधी आणि हंगामानंतर आरोग्य तपासणी करायची, असं गर्भपिशवी प्रकरणानंतर ठरलेलंच आहे. त्या तपासणीत हिमोग्लोबिन बघतात. त्याच फॉर्मवर पाठदुखीचे दोन प्रश्न वाढवले तर आशाताईंचा फारसा वेळ जाणार नाही. ग्रामीण रुग्णालयात सल्फोसॅलिसिलिक आम्लाची बाटली ठेवली तर तिजोरी रिकामी होणार नाही. सरकारी दवाखान्यांतून नमुने गोळा करून नेणारी महालॅबची गाडी राज्यात २०१७ पासून फिरते आहे, संशयित नमुना तिच्यातूनच पुढे जाऊ शकतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ही त्याची ओळख जिल्हा अभिमानाने सांगतो. इलेक्ट्रोफोरेसिसचा सुळका वाचून दोन दिवसांत उलट टपाली उत्तर देणं हे त्या ओळखीला साजेसं काम आहे.

लाखात एकाला होणाऱ्या रोगासाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप येणारच, आणि तो गैर नाही. जिल्ह्यात बाळंतपणं आहेत, साप चावतात, क्षयरोग आहे. पण हेच जाळं मणक्याचा टीबीही पकडतं. तोही पाठदुखीच्याच वेषात येतो, ईएसआर त्यातही चढतो, आणि तो मायलोमापेक्षा कितीतरी अधिक लोकांना होतो. एक्स-रेवर मणका दबलेला दिसला की काही ठिकाणी अंदाजाने टीबीची औषधं चालू होतात, आणि मायलोमाचा रुग्ण ती औषधं महिनोन् महिने खात बसतो. लघवीची चाचणी दोन्ही रुग्णांचं भलं करते. वेदनाशामकांनी गुपचूप थकलेल्या किडन्याही याच तपासणीत उघड्या पडतील, त्या वेगळ्याच.

मायलोमा बरा होत नाही म्हणून शोधून तरी काय करायचं, हा युक्तिवाद तर जुना झाला. बॉर्टेझोमिब, लेनालिडोमाइड ही औषधं भारतीय कंपन्या बनवतात, परदेशातल्या किमतीच्या मानाने ती इथे फारच स्वस्त आहेत. एके काळी दोन-तीन वर्षांत संपणारं आयुष्य आता अनेक वर्षं लांबतं. उपचार लवकर सुरू झाले तर डायलिसिसवर गेलेल्या काहींची किडनी पुन्हा काम करू लागते. अभिनेत्री आणि तेव्हाच्या खासदार किरण खेर यांचा २०२० च्या नोव्हेंबरमध्ये चंडीगडला घरी हात मोडला. तपासण्यांत मायलोमा निघाला आणि त्यांचे उपचार मुंबईत झाले, हे २०२१ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं. मोडलेल्या हाडामागे दुसरं काही असेल का, हा प्रश्न त्यांच्या डॉक्टरांनी विचारला होता.

बीडहून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत वाढलेलं आहे. रुग्णालय आहे, योजना आहे, औषधं देशात बनतात. पण योजनेच्या खिडकीवर उभं राहायला आधी रोगाचं नाव लिहिलेला कागद लागतो, आणि तो कागद तालुक्याच्या दवाखान्यातल्या टेबलावरूनच निघू शकतो. येत्या दसऱ्यानंतर टोळ्या गाड्यांत बसण्याआधी जी तपासणी होईल, तिच्या फॉर्मवर पाठदुखीचा रकाना असावा. तो छापून घ्यायला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना मंत्रालयाची परवानगी लागू नये.